लक्ष्मी रस्ता : बस्त्याचा आणि शाळेचा

आज आम्ही तुम्हाला पुण्यातल्या एका रस्त्याची गोष्ट सांगणार आहोत. रस्ता तुमच्या चांगला ओळखीचा आहे. आपल्या पुरंदर तालुक्यात कुणाचं लग्न ठरलं की दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न असतो, "बस्ता कुठं बांधायचा?" आणि चारातल्या दोघी तरी म्हणतात, "लक्ष्मी रोडला." तोच हा रस्ता. नवरीचा शालू, करवल्यांच्या साड्या, मानपानाची लुगडी, सोनं, भांडी, सगळं एका ओळीत मिळणारा.

या रस्त्यावर आम्ही आजवर कितीदा गेलो असू. पण मान खाली घालून, पिशव्या सांभाळत, एकमेकींचा हात धरून. वर बघायला सवड कधी झालीच नाही. मागच्या मार्चमध्ये मात्र आम्ही वर बघितलं. ते कसं, ते आधी सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं होतं. ताईंनी बैठकीत बस्त्यासाठी कर्ज मागितलं. मागितलं आणि मिळालं. पाच मिनिटांत ठराव झाला, सह्या झाल्या, दोघींनी अंगठे उठवले. चार दिवसांनी आम्ही सहा जणी सासवडहून एसटीने स्वारगेटला उतरलो. बरोबर नवरी होती आणि तिची धाकटी बहीणही होती. धाकटीची बारावीची परीक्षा नुकतीच संपलेली. मोकळी होती, म्हणून आली.

दुपारपर्यंत बस्ता उरकला. पाय दुखायला लागले म्हणून एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकलो. समोर एक मोठं फाटक होतं. तेवढ्यात ते उघडलं आणि आतून मुलींचा लोंढा बाहेर पडला. दोन वेण्या, पाठीवर दप्तर, हसणं, ओरडणं. साड्यांच्या दुकानांमधून वाट काढत त्या रस्ताभर पसरल्या. धाकटी म्हणाली, "इथं शाळा आहे? एवढ्या बाजारात?"

आमच्यातल्या एकीने इतिहास घेऊन बी.ए. केलंय. ती म्हणाली, "अगं, बाजार नंतर इतका वाढला. ही शाळा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. ही हुजूरपागा." मग काय, गाडीला वेळ होता. पिशव्या ओळखीच्या दुकानात ठेवल्या आणि तोच रस्ता आम्ही पुन्हा एकदा चाललो. या वेळी वर बघत. आज तीच वाट तुम्हाला दाखवतो.

आधी रस्त्याची ओळख करून घेऊ. लक्ष्मी रस्ता पूर्वेला क्वार्टर गेटापाशी सुरू होतो आणि पश्चिमेला टिळक चौकात, म्हणजे आपण ज्याला अलका टॉकीज म्हणतो तिथे संपतो. जुन्या पुण्याला तो आडवा छेदून जातो. दोन्ही बाजूंना पेठा. कुठे वाराचं नाव, बुधवार, रविवार. कुठे माणसाचं. नाना पेठ नाना फडणवीसांच्या नावाची, नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या, सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या. पेठ म्हणजे मुळात बाजाराची वस्ती. तेव्हा या भागात बाजार आजचा नाही, पेशवाईपासूनचा आहे.

या रस्त्यावरून वर्षातून दोनदा मोठी गर्दी जाते. एकदा अनंत चतुर्दशीला, विसर्जनाची मिरवणूक. बेलबाग चौकातून मानाचे पाच गणपती लक्ष्मी रस्त्याला लागतात आणि अलका टॉकीजच्या चौकाकडे जातात. दुसरी गर्दी आपली. आळंदीहून ज्ञानोबा माउलींची आणि देहूहून तुकोबांची पालखी पुण्यात येते, ती याच रस्त्याने पेठांमधल्या मुक्कामाला जाते. मग माउली दिवे घाट चढून आपल्या सासवडला येतात. तेव्हा तुमच्यापैकी ज्यांनी वारी केली, त्यांनी डोक्यावर तुळस घेऊन हा रस्ता पायांनी मोजलेला आहे. हा रस्ता परक्याचा नाही. तो आपल्या गावाच्या वाटेलाच जोडलेला आहे.

आता चाला आमच्याबरोबर. सुरुवात तुळशीबागेतून करू, कारण बायकांची सुरुवात तिथूनच होते. कानातली, बांगड्या, पोळपाट-लाटणं, देवाची भांडी आणि लहान मुलींची भातुकली. पण या बाजाराच्या पोटात रामाचं मोठं देऊळ आहे. पेशवाईतले सरदार नारो अप्पाजी तुळशीबागवाले यांनी ते बांधलं. बांगड्या घेऊन परत फिरणाऱ्या कितीतरी जणींना ते देऊळ माहीतच नसतं. आम्हीही त्यातल्याच.

तुळशीबागेजवळच मंडई. दगडी, उंच, आठ बाजूंच्या मनोऱ्याची. इंग्रजांच्या काळात ती १८८६ साली सुरू झाली, तेव्हा नाव होतं रे मार्केट. रे नावाचा गव्हर्नर होता, त्याच्यावरून. आज तिचं नाव महात्मा फुले मंडई. आणि या नावात एक गंमत आहे, ती नीट ऐका. जोतीराव फुले त्या वेळच्या पुणे नगरपालिकेचे काही वर्षं सभासद होते. मंडईची मोठी इमारत बांधायचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला. त्यांचं ऐकलं गेलं नाही, मंडई झाली. पुढे पन्नास वर्षांनी आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून गेले. अत्रे म्हणजे आपल्या सासवडजवळच्या कोडीतचे. त्यांनी खटपट करून मंडईला फुल्यांचं नाव दिलं. म्हणजे ज्या खर्चाला फुले नको म्हणाले, त्याच इमारतीवर आज त्यांचं नाव आहे.

आम्ही मंडईसमोर उभ्या राहून हे ऐकलं आणि हसलो. पण ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे तेव्हापासून हाच वाद आहे म्हणायचा. पैसा कशावर घालायचा." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे सगळ्या वाटेवर ते आम्हाला भेटत राहिलं.

मंडईकडून बेलबाग चौकात आलं की लक्ष्मी रस्ता लागतो. बेलबाग हे नाना फडणवीसांनी बांधलेलं विष्णूचं देवस्थान. आजूबाजूच्या दुकानांच्या पाट्यांत ते सहज दिसत नाही, शोधावं लागतं. चौकातून शिवाजी रस्त्याने थोडं पुढे गेलं की दगडूशेठ हलवाई गणपतीचं मंदिर. तिथे आपण सगळ्याच हात जोडतो. हात जोडून झाले की पाठ फिरवा आणि समोरची बाजू बघा. तिथे भिडेवाडा होता.

१ जानेवारी १८४८ या दिवशी, तात्यासाहेब भिड्यांच्या त्या वाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. जोतीराव वीस वर्षांचे, सावित्रीबाई सतरा पूर्ण व्हायला दोन दिवस कमी. मुली अगदी मोजक्या. सावित्रीबाई कुठल्या? खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, आपल्या शेजारच्या. लग्न झालं तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या आणि अक्षरओळखही नव्हती. जोतीरावांनी त्यांना शिकवलं आणि त्यांनी दुसऱ्यांच्या लेकींना. आणि फुल्यांचं घराणं? पुण्यात जाण्याआधी ते आपल्याच पुरंदरमधल्या खानवडीत होतं. पुण्यात ते फुलांचा धंदा करू लागले, पेशव्यांकडे फुलं पुरवू लागले, म्हणून नाव पडलं फुले. म्हणजे मैत्रिणींनो, पुण्यातल्या बायकांच्या शिक्षणाची गोष्ट पुण्यातच सुरू होत नाही. ती खानवडी आणि नायगावपासून सुरू होते.

शाळेला जाताना सावित्रीबाईंवर लोक शेण आणि खडे टाकत, त्या पिशवीत जादा लुगडं ठेवत, हे आपण ३ जानेवारीच्या कार्यक्रमात दरवर्षी ऐकतो. पण ऐकणं वेगळं आणि त्या जागी उभं राहणं वेगळं. आमच्याही पिशव्यांमध्ये त्या दिवशी लुगडी होती. त्यांच्या पिशवीतलं लुगडं कशासाठी होतं आणि आमच्या पिशवीतली कशासाठी, हा विचार कुणी बोललं नाही, पण आला सगळ्यांच्याच मनात.

१८४९ मध्ये वडिलांनी जोतीरावांना सांगितलं, शाळा सोड नाहीतर घर सोड. दोघांनी घर सोडलं. उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, आणि फातिमा शेख सावित्रीबाईंबरोबर शिकवू लागल्या. पुढच्या तीन-चार वर्षांत फुल्यांनी पुण्याच्या पेठांमध्ये मुलींच्या आणखी शाळा काढल्या, दलित मुलांसाठीही काढल्या. भिडेवाड्याची इमारत नंतर मोडकळीला आली होती. डिसेंबर २०२३ मध्ये ती उतरवली. तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं आहे. वाडा आता डोळ्यांना दिसणार नाही, पण जागा बघून या. दगडूशेठच्या दर्शनाला गेलात की चार पावलांवर आहे.

तुळशीबागेच्या पलीकडे, बाजीराव रस्त्यावर, विश्रामबागवाडा आहे. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला, लाकडी कोरीव खांबांचा. पेशवाईत दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी १८२१ मध्ये याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली आणि दक्षिणेच्या पैशातला काही भाग शिक्षणाकडे वळवला. पुढे त्याच दक्षिणा फंडातून फुल्यांच्या शाळांना मदत मिळाली. आणि १६ नोव्हेंबर १८५२ रोजी याच विश्रामबागवाड्यात सरकारने शालजोडी देऊन जोतीरावांचा सत्कार केला. जो पैसा वर्षानुवर्षं एकाच बाजूला जात होता, त्यातले थोडे मुलींच्या पाटीपेन्सिलीकडे वळले. कुणीतरी मागितले, म्हणून वळले.

जोतीरावांनी हेच पुढे सरकारलाही सुनावलं. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करायला हंटर कमिशन आलं होतं. त्यांना जोतीरावांनी लिहून दिलं, की सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो शेतकऱ्याच्या घामाचा, आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या मुलांसाठी. आधी खेड्यापाड्यात प्राथमिक शाळा द्या. आपल्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेकडे बघताना ही गोष्ट आठवत जा. ती शाळा कुणीतरी भांडून मागितलेली आहे.

आता लक्ष्मी रस्त्याने पश्चिमेकडे चला. गणपती चौकाजवळ गुरुजी तालीम, मानाचा तिसरा गणपती. दोन्ही बाजूंना साड्या आणि सराफ. चालता चालता येतं ते आमचं फाटक, हुजूरपागा.

पागा म्हणजे घोड्यांचा तबेला. हुजूर म्हणजे खुद्द पेशवे. पेशव्यांची घोडी जिथे बांधत, ती ही जागा. त्या जागेवर मुलींची शाळा उभी राहिली. शाळेची सुरुवात झाली १८८४ मध्ये. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, वामन आबाजी मोडक, रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशा मंडळींनी ती काढली. नुसतं वाचन-लेखन नाही, मुलींसाठी थेट इंग्रजी हायस्कूल. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचं नाव शाळेला आहे, पण लोकांच्या तोंडी राहिलं ते हुजूरपागाच.

शाळा निघाली आणि वादळ उठलं. 'केसरी'सारख्या वजनदार पत्राने तिच्या अभ्यासक्रमावर टीका केली. म्हणणं असं, की मुलींना इंग्रजी आणि गणित कशाला, त्यांना संसाराला लागेल ते शिकवा. लोकमान्य टिळकांबद्दल आपल्या मनात आदर आहे आणि तो राहीलच. देशासाठी ते तुरुंगात गेले. पण मुलींच्या शाळेच्या बाबतीत त्यांचं मत वेगळं होतं, हेही खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. मोठी माणसंसुद्धा या एका प्रश्नावर अडली, तर आपल्या घरातले सासरे अडले याचं नवल वाटायला नको.

या शाळेच्या गोष्टीत एक बाई आहे, जी तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली आहे. 'उंच माझा झोका' आठवतं का? संध्याकाळी भाकरी थापता थापता आपण जिच्यासाठी रडलो, ती रमा. रमाबाई रानडे. त्यांचा जन्म देवराष्ट्रे गावचा, आताच्या सांगली जिल्ह्यातला. माहेर कुर्लेकरांचं. अकराव्या वर्षी लग्न झालं, न्यायमूर्ती रानड्यांशी. ते वयाने वीस वर्षांनी मोठे, बिजवर. रमाबाईंना तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. नवऱ्याने शिकवायला घेतलं आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष सुरू झाला. पुरुष बोलले तर बाहेर बोलत. बायका घरात, ताटावर, मागच्या दारी बोलत.

मुलींच्या हायस्कूलसाठी पुण्यात हिराबागेत सभा झाली. तिथे गव्हर्नरसाहेबांसमोर रमाबाईंनी इंग्रजीत लिहिलेलं वाचून दाखवलं. विशीतली बाई, भरसभेत, इंग्रजीत. घरी आल्यावर काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी स्वतःच्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. आम्ही ते पुस्तक वाचनालयातून आणलं आणि गटात थोडं थोडं वाचतो. वाचताना एकजण तरी म्हणतेच, "हे तर आमच्याच घरातलं."

हुजूरपाग्यावरून आणखी पुढे गेलं की सेवासदन. न्यायमूर्ती १९०१ मध्ये गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आतच होत्या. काही काळ त्या अगदी मिटून राहिल्या. मग बाहेर पडल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या बरोबरीने राबले. सेवासदन कुणासाठी होतं? विधवा, टाकलेल्या, ज्यांच्या हातात काहीच कमाई नाही अशा बायकांसाठी. तिथे त्या लिहायला शिकल्या, शिवण शिकल्या, मास्तरीण व्हायला शिकल्या. आणि नर्स व्हायला शिकल्या.

हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. घरंदाज बाईने परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमपट्टी करायची, हे समाजाला पटेना. पण सेवासदनने बायकांना ससून रुग्णालयात शिकायला पाठवलं. आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरबाई येते, लस देते, बाळंतपण करते. तिच्या अंगावरच्या पांढऱ्या कपड्यांसाठी त्या काळी लक्ष्मी रस्त्याच्या आसपासच्या घराघरांत भांडणं झालेली आहेत. रमाबाई सेवासदनच्या बायकांना घेऊन आळंदीच्या यात्रेतही जात, वारकरी बायकांच्या सोयीसाठी. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांनाही भेटत.

पुढची गोष्ट १९२० च्या सुमाराची. पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं घाटत होतं. नगरपालिकेत म्हणणं आलं, पैसे कमी आहेत, आधी मुलांचं सक्तीचं करू, मुलींचं मागाहून बघू. मैत्रिणींनो, हे वाक्य तुम्ही कुठे ऐकलंय? आम्ही तर प्रत्येक घरात ऐकलंय. "आधी भावाचं होऊ दे, मग तुझं बघू." रमाबाई आणि पुण्याच्या बायका रस्त्यावर उतरल्या. मोर्चा काढला. करायचं तर मुलींचंही त्याच वेळी करा, अशी त्यांची मागणी होती. शंभर वर्षांपूर्वी, पदर सावरत, पुण्याच्या रस्त्यांवरून बायकांचा मोर्चा. १९२४ मध्ये रमाबाई गेल्या.

सेवासदनापाशी आम्ही हे बोलत होतो. धाकटी लेक सगळं ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "आई, मला नर्सिंगलाच जायचंय." ताई गप्प. आमच्यातली एक म्हणाली, "मग जा की. अडलंय कुठं?" तेव्हा ताई बोलल्या. म्हणाल्या, "फीचे पैसे कुठून आणू? गटात मागायची लाज वाटते." आम्ही विचारलं, बस्त्याला मागताना लाज वाटली नाही ना? ताई म्हणाल्या, "नाही वाटली. लग्नाला सगळ्याच मागतात. शिक्षणाला मागितलं तर म्हणतील, पोरीवर कुठं एवढा पैसा घालते."

मंडईसमोरचं त्यांचंच वाक्य त्यांच्याकडे परत आलं होतं. पैसा कशावर घालायचा.

घरी आल्यावर आम्ही गटाची कर्जवही काढली. लपवून काय करायचं, तुम्हाला सांगतो. लग्नासाठी दिलेल्या कर्जांच्या नोंदी पानापानावर होत्या. बस्ता, मंडप, जेवणावळ, भांडी. आजारपणाच्या होत्या. शेळ्यांच्या, शिलाई यंत्राच्या होत्या. मुलाच्या कॉलेजच्या होत्या. मुलीच्या शिक्षणासाठी मोजून दोन. आणि त्या दोन्ही वेळा दोन-दोन बैठका चर्चा झाली होती. "कोर्स पुरा करील का?", "लग्न झाल्यावर हप्ते कोण फेडणार?" असं आम्ही विचारलेलं इतिवृत्तात लिहिलेलं आहे, आमच्याच अक्षरात. बस्त्याच्या कर्जाला आम्ही कधी विचारलं नाही, की हा शालू पुन्हा किती वेळा नेसणार.

सासऱ्यांना, सरपंचांना, सरकारला बोलणं सोपं आहे. ही वही मात्र आपल्या हातात आहे. तिच्यावर सही आपली आहे. तिथे तरी मुलींचं मागाहून बघू असं आपणच म्हणत होतो.

आम्ही बस्त्याच्या विरोधात नाही, हे नीट समजून घ्या. लेकीच्या लग्नात आईला हौस असते. त्या शालूवर हात फिरवताना ताईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं आम्ही पाहिलंय. ती हौस खोटी नाही. लक्ष्मी रस्त्यावर साड्यांची दुकानंही राहतील आणि हुजूरपाग्याचं फाटकही राहील. दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत. प्रश्न एवढाच, की आपल्या गटाच्या वहीत दोन्हींना सारखी जागा आहे का.

एप्रिलच्या बैठकीत आम्ही ठराव मांडला. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागितलं, तर लग्नाच्या कर्जाला जे प्रश्न विचारतो तेवढेच विचारायचे, जास्त नाहीत. दोघी जणी विरोधात बोलल्या. एकीची भीती खरी होती. तिने मागे कर्ज काढून लेकीला शिकवलं आणि नोकरी काही लागली नाही, हप्ते शेळ्या विकून फेडले. तिला आम्ही खोटं ठरवलं नाही. तिचं ऐकलं, आणि हप्ता कोर्स संपल्यावर सुरू करायचा का, यावर बोलणं चालू आहे. ठराव झाला, पण सगळ्यांच्या मनापासून झाला असं म्हणणार नाही. धाकटीचा बारावीचा निकाल अजून लागायचा आहे. थोरलीचं लग्न मात्र छान पार पडलं. शालू तिला खुलून दिसला.

आता तुम्हाला दोन कामं सांगतो. पहिलं, पुढच्या बैठकीत आपल्या गटाची कर्जवही उघडा आणि कशाकशाला कर्ज दिलं ते मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकू जाईल असं वाचा. कुणाला नावं ठेवायची नाहीत, फक्त वाचायचं.

दुसरं काम सोपं आहे. पुढच्या वेळी बस्त्याला, दर्शनाला किंवा वारीला लक्ष्मी रस्त्यावर गेलात, की तासभर जास्त ठेवा. मंडईपासून निघा, भिडेवाड्याची जागा बघा, विश्रामबागवाडा बघा, हुजूरपाग्यावरून सेवासदनापर्यंत चाला. गर्दीचा त्रास वाटत असेल तर ११ डिसेंबरला जा. गेल्या काही वर्षांत पुणे महापालिका त्या दिवशी पादचारी दिन पाळते आणि या रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद असतो. चालायला मोकळा मिळतो. आणि एक करा. बरोबर लेकींना न्या. थोरलीला साडी घेताना धाकटीलाही बरोबर ठेवा. फाटकाकडे बोट दाखवून तिला एवढंच सांगा, की ही शाळा सुरू झाली तेव्हाही लोक म्हणत होते, एवढं शिकून काय करायचंय.

ती काय उत्तर देते, ते आम्हाला नक्की कळवा.